पोरं पोचल्याचा प्रोग्राम

सोमवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. शाळा चारला सुटते. आमची आरोही पहिलीत, शाळा सुटली की लगेच घरी येते. त्या दिवशी आली नाही. आणि सकाळीच वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगून गेली होती, नाल्याकडं वाघ आहे! मी अनवाणी धावले. तर पोरगी शेजारच्या शारदाच्या ओसरीवर बसून वरण-भात खाऊन राह्यली होती. शारदा म्हणते कशी, "काऊन येवढी घाबरून राह्यली व? भूक लागली होती तिले!"

त्याच आठवड्यात मी विहारातल्या कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं. पोरं घरी पोचली की मोबाईलवर कळेल, असं काहीतरी मला बनवायचं होतं. मी सातवी शिकलेली. पण शिकवणाऱ्या मनीषाताई म्हणाल्या, "कोड एआय लिहून देतो, तुम्ही फक्त समजून घ्या." फक्त म्हणे! तेव्हापासून इतके किस्से साचलेत की आलापल्लीच्या बाजारात भाजी घेतानाही बाया मला थांबवून ऐकतात.

पहिल्या दिवशी एआयशी बोलायच्या माइकसमोर आधी बसल्या बेबीबाई, आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, सगळ्यांत मोठ्या. त्यांनी एआयला विचारलं, "तू कोण्या गावचा रे बापू? मायबाप काय करतेत?"

तो शुद्ध भाषेत म्हणाला, "मला गाव किंवा आईवडील नाहीत. मी तुम्हाला काय मदत करू?"

बेबीबाईंचा चेहराच उतरला. "पाह्य व माय! येवढं एकलं लेकरू, अन् तुमी त्याले आल्याआल्या कामाले लावता!"

त्या दिवशी क्लास झालाच नाही. बेबीबाईंनी त्याला सुट्टी दिली!

'जर असं, तर तसं' हा धडा मला एका दमात समजला. मनीषाताईंना नवल वाटलं. त्यात कसलं नवल! माझी सासू दुसरं काही बोलतच नाही. "नळ आला असल त पाणी भर, नाई त विहिरीवर जाय. विहिरीवर शारदा असल त लवकर ये!"

तेच काम पुन्हा पुन्हा करायच्या लूपमध्ये मात्र फजिती झाली. मी लिहिलं, ताटात भात आहे तोपर्यंत आरोहीला घास भरव. एआय म्हणाला, "हा लूप कधीच थांबणार नाही. भात कमी होण्याची सोय केलेली नाही."

मी म्हटलं, "बरोबर हाय. ते पोरगी तोंडातच धरून बसते!"

कोड बिघडला की लाल अक्षरं येतात. ती दाखवली की एआय म्हणतो, "माझी चूक झाली, माफ करा." पुन्हा लाल, पुन्हा माफी. एका दुपारी इतक्या माफ्या झाल्या की घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "चूक कबूल कशी करतेत, ते त्याच्यापासून शिका."

नवरा लाकडाच्या डेपोत कामाला. म्हणाला, "माफी मागून बी काम बिघडवूनच ठेवते न? मंग त्याच्यात अन् माझ्यात फरक काय?"

"तुमी माफी नाई मागत!"

शेवटी प्रोग्राम तयार झाला. पोर आलं की 'पोचलं' हे बटण दाबायचं. पहिल्याच दिवशी आरोही चार घरी पोचली! आमच्या टोलीत पोर ज्या दारावरून जाईल तिथं घासभर खाऊनच पुढं जातं, आणि प्रत्येक मावशीनं हौसेनं बटण दाबलं. माझी पोरगी सगळीकडं होती, फक्त माझ्या घरी नव्हती!

एआय म्हणाला, "माहितीत चूक दिसते. मुलीचं खरं घर कोणतं?"

शारदा मागून ओरडली, "त्याले सांग, असं इचारू नको, टोलीत भांडणं लागतीन!"

दुसऱ्या दिवसापासून बायांनी बटण दाबणंच सोडलं. "पोरगी पुढ्यात बसली हाय, मोबाईलले कायले सांगू?" मी पुन्हा दारोदार आरोहीला शोधत फिरले. नाल्याकडचा वाघ तर तिथंच होता.

मग मी नवीन सोय केली. बटण फक्त आईच्या मोबाईलवर, आणि पोर पोचलं नाही तर निरोप सगळ्यांना. चालतं का ते बघायला एआयला म्हटलं, "एखादं खोटं नाव टाक." त्यानं टाकलं. मी प्रोग्राम चालू केला आणि चहा ठेवायला उठले.

टोलीतले सगळे मोबाईल एकदम वाजले. "प्रिया अजून घरी पोचलेली नाही."

आमच्याकडं पोर हरवलं की कोणाचं, ते कोणी विचारत नाही. आधी निघतात. चहाला उकळी यायच्या आत बेबीबाई डबा बडवत रस्त्यावर, मागं शारदा, तिच्या मागं कुऱ्हाड घेऊन माझी सासू! नवरा डेपोतली माणसं घेऊन आला. नाल्यापलीकडची टोलीही निघाली. "प्रिया! प्रिया व!" सागाचं रान दणाणून गेलं. वनरक्षक धावत आले. "पोरगी दिसाले कशी हाय?"

बेबीबाई म्हणाल्या, "सावळी. दोन वेण्या. भलती गुणाची हाय!"

मी ओरडून सांगत होते, "अवं, असी कोणी पोरगीच नाई!"

बेबीबाई माझ्यावरच उखडल्या. "सोताच्या पोरीसाठी अनवाणी धावतं, अन् दुसऱ्याची पोरगी पोरगीच नाई?"

त्या गोंगाटानं वाघ उठला आणि पार डोंगराकडं निघून गेला, वनरक्षकांनी पाहिलं. आता सगळ्या आया न चुकता बटण दाबतात.

पण नाल्यापलीकडच्या बाया अजून प्रियाची वाट पाहतात. एकीनं तर भात झाकून ठेवला होता म्हणे. तुमच्यापैकी कोणी तिकडं जाणार असेल, तर एवढा निरोप द्या: प्रिया पोचली.