माझ्याच माणसाविरुद्धची तक्रार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. जिच्याशी मी येत्या मार्गशीर्षात लग्न करणार आहे, तिच्याविरुद्ध डेटिंग ॲपवर तक्रार करणारा माणूस मीच. बाई खोटी आहे म्हणून.

मुळात मी त्या ॲपवर होतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेला विधुर, बिरवाडीत राहणारा, एका कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासणारा. लॅबमध्ये दिवसभरात माझ्यापेक्षा फ्रीज जास्त बोलतो. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. एका रविवारी जेवण झाल्यावर मी ते ॲप घेतलं आणि दाराला कडी लावून बसलो, जणू घरात दारू गाळतोय.

नियम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. अनोळखी माणसाला आपलं गाव, पत्ता, कामाची जागा लगेच सांगू नका. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पहिली भेट चारचौघांत घ्या, आणि विश्वासातल्या कुणाला तरी सांगून जा. समोरचा खोटा वाटला तर तक्रार करा. तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही कुणाला सांगत नाही. मला सगळं पटलं. फोटो आपला आणि अलीकडचा लावा, हेही पटलं, तरी मी जुनाच लावला. त्यात केस होते.

आणि ती भेटली. शाळेत शिकवते, नवऱ्यापासून कायद्यानं वेगळी झालीय आणि इथलीच कुठलीतरी आहे, एवढंच कळलं. तिचं एकेक वाक्य वाचून मी लॅबमध्ये बीकर हातात धरून एकटाच हसायला लागलो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय हो, बोनस झाला की काय?"

आता आमच्याकडची रीत सांगतो. महाड-पोलादपुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न गावाचा. मग वाडी, मग मामाचं गाव, मग मुंबईला कुणाच्या खोलीवर कोण असतं ते. तेवढ्यात काही ना काही नातं निघतंच आणि मग चहा येतो. गाव न सांगणारा माणूस एक तर पोलिसांना हवा असतो, नाहीतर वसुलीला आलेला असतो. आणि ही बाई गाव सांगेना.

"गाव कोणतं तुमचं?"

"नियम वाचले नाहीत का?"

"निदान मामाचं गाव?"

"मामाला कशाला मध्ये आणताय? त्याचं लग्न झालंय."

"बरं, वीर स्टेशनला गाडी आल्यावर महाडला कसं येता?"

"आधी गाडीतून उतरते."

मी गादीवर लोळून हसलो, आणि हसून झाल्यावर संशय आला. आमच्या धंद्यात एखादा नमुना फारच चांगला निघाला तर आम्ही खूश होत नाही. बाटली बदलली असणार असं धरून चालतो. एवढी हुशार, एवढी जवळ, आणि माझ्यासारख्याशी बोलतेय. रविवारी पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटायचं तिनंच ठरवलं, तरीही गाव नाही. शुक्रवारी डबा खाऊन झाल्यावर मी तक्रारीचं बटण दाबलं. कारण निवडलं, 'खोटी ओळख'. खाली खुलाशाच्या जागेत लिहिलं, 'गाव सांगत नाही.'

संध्याकाळपर्यंत तिचं नाव माझ्या ॲपमधून गायब झालं. ठग पकडला म्हणून मी थोडा वेळ ऐटीत होतो. मग ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली.

तरी रविवारी पोलादपूरला गेलो. ती येणार नाही याची खात्री करायला, असं स्वतःला सांगितलं होतं; त्यासाठी इस्त्रीचा शर्ट कशाला घातला, ते विचारू नका. ती कोपऱ्यात बसली होती. फोटोत होती तशीच, फक्त जास्त हसरी. पलीकडच्या टेबलावर एक मावशी वडा खात माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"त्या माझ्या विश्वासातल्या," ती म्हणाली. "आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. सांगून जा म्हणतात ना, मी घेऊनच आले."

मावशी बशी उचलून आमच्याच टेबलावर आल्या.

"गाव कुठला रे तुझा?"

मी सांगितलं.

"वाडी?"

तीही सांगितली.

"म्हंजे त्या पिठाच्या गिरणीवाल्याचा तू कोण?"

"पुतण्या."

मावशी तिच्याकडे वळल्या. "खरा हाय गो बाई. फोटोत केस जास्ती होते, पण मानूस खरा हाय. मी जाते, माझी गाडी चुकंल."

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. तीही डोळे पुसत होती. मग पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. माझं खातंच बंद केलंय त्यांनी, तपासणी होईपर्यंत. कुणीतरी कळवलं, मी खोटी आहे म्हणून."

"कुणी कळवलं असेल?" हा प्रश्न मी विचारला. मीच.

"आमच्या वहिनीनं. मी भावाकडे राहते ना. तिनं एकदा माझा फोन पाहिला होता."

तिथे बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आणखी एक चहा सांगू या?"

घरी येऊन ॲपवाल्यांना लिहिलं की तक्रार चुकीची होती. उत्तर आलं, सर्वांना सुरक्षित ठेवायला मदत केल्याबद्दल आपले आभार. तिनं तपासणीसाठी फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवला आणि खातं परत मिळवलं, मग स्वतःच काढून टाकलं. मीही काढलं. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल काय लिहू? या वयात मी स्कूटरवर गाणी म्हणतो. मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, शीळ कोण घालतंय?" लॅबमध्ये फ्रीजचा आवाज आता ऐकूच येत नाही म्हणतात सगळे.

पण ती वहिनीशी बोलत नाही. भावाचं घर सोडून तिनं पोलादपुरात खोली घेतली. गौरी-गणपतीला गेली, जेवली, आणि वहिनीकडे न बघता परत आली. एकाच ताटात जेवलेल्या बायका, असं तिचा भाऊ मला सांगत होता.

गेल्या आठवड्यात महाडच्या बाजारात वहिनींनी मला गाठलं. हातात मेथीची जुडी.

"दाजीच म्हणते आता," त्या म्हणाल्या. "तुमी तरी सांगा तिला. मी काय केलं नाय हो. मला फोन उचलायचा हिरवा आन् ठेवायचा लाल, येवढंच कळतं. मी कुठं काय लिवनार?"

"समजावतो," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले. मला, त्यांनी.

अजून समजावलेलं नाही. तक्रार मी केली, हे लग्नाआधी तिला सांगायचं मी देणं लागतो. आणि वहिनींच्या दारात जाऊन, तिच्यासमोर, त्यांची माफी मागायचं.