लुगडं झोपलं का?

कोणाच्याही घरी कामाला गेला की पाणी मागायच्या आधी तो लुगडं मागायचा. "माय, एखादं जुनं लुगडं द्या जी. सांजच्याले वापस करतो."

आता तुम्हीच सांगा, छतावर सोलर पॅनल चढवायला आलेल्या माणसाला लुगडं कायले पाहिजे? मी वायरमन, त्याच्यासोबत नवाच. मला वाटलं, उतारा-बितारा असेल. ढाणकी गावात तर एका बाईनं धाडकन दारच लावून घेतलं.

ते लुगडं तो गच्चीच्या कठड्याला बांधून मोकळं सोडायचा. खाली येऊन पॅनलला दोर बांधायचा, ते झुलू नये म्हणून खालून धरायला आणखी एक दोर. मग दोराखालच्या खाटा, कोंबड्या, माणसं, सगळ्यांना हाकलायचा आणि वर बघून विचारायचा, "लुगडं झोपलं का?" फडफडत असलं, की हा आपला खुशाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसणार.

एकदा मी चिडलो. "एवढ्याशा हवेनं काय होते हो?"

"पॅनल हवेत फिरलं ना, त वरचा मानूस ते सोडतच नाही. त्याले वाटते, काच फुटन. मंग तो बी संगं खाली येते." वर लुगड्याकडे बघून म्हणाला, "माहा भाऊ तसाच आला."

तो भाऊ अजून खाटेवर होता. दोन्ही घरं याच्याच कामावर चालत.

राळेगावला एका आजीकडे दुपारपासून हवा सुटली. लुगडं काही झोपेना. आजी करवादली, "काहून बसून राह्यले बाप्पा? उद्या तपासनीवाले येनार हायेत!" आमचा कंत्राटदार तर भडकलाच. "आज चढलं नाही, त उद्यापासून येऊ नको."

त्यानं वर पाहिलं. "अजून जागं हाय जी," म्हणाला, पॅनलचा दोर सोडला आणि सायकल काढून निघून गेला. दोन घरांची भाकर अशी सोडून जाणाऱ्या माणसाचा मला रागही आला आणि मायाही दाटून आली. तो असा का गेला, हे आजीनं विचारलं, तेव्हा मी तिला भावाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हवा. आम्ही पॅनलला दोर बांधला, तर आजीनं खाट ओढत आणली आणि नेमकी दोराखाली टाकून बसली.

"उठा आजी! पॅनल डोक्स्यावर पडन!" कंत्राटदार ओरडला.

"पडन ना? तोही तेच सांगत होता. बोलवा त्याले. तोवर मी नाही उठत."

आजूबाजूचे लोक जमले. कंत्राटदारानं कपाळाला हात लावला आणि सगळ्यांदेखत फोन केला. "ये बाप्पा. तुही आजी दोराखाली खाट टाकून बसली!"

"तिले आधी तिथून उठवा जी!" फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मी निघालोच."

आजी पदराआड हसली, पण उठली नाही.

तो पोचायच्या आधीच हवा पडली. लुगडं भिंतीला लागून गाढ झोपलं होतं. तरी दोराला कोणी हात लावला नाही. कंत्राटदारसुद्धा रस्त्याकडे बघत उभा होता.