काकांच्या गाडीचा विमा

उमरग्यात मी इतकी वर्षं गाड्यांचे विमे उतरवतोय, पण ज्याचं नाव काढलं की विमा कंपनीचा साहेब हातातला चहा खाली ठेवतो, असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारी राहतो. हे शेजारचे काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तुळजापूर, परंडा, सोलापूर अशा फेऱ्यांत त्यांचा जन्म गेला आणि त्या जन्मात त्यांच्या बसला साधा ओरखडा आला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते लग्नाकार्यात अजून सदऱ्याला लावतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, छोटी कार घेतली आणि आमच्या गल्लीत ओरखडा नसलेली वस्तू शोधावी लागू लागली.

कारण असं, की काका कार चालवतच नव्हते. ते बस चालवत होते, ती फक्त आम्हाला दिसत नव्हती. गल्लीच्या कोपऱ्यावर डावीकडं वळायचं तर ते आधी पार उजवीकडं, किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत जात, कारण मागचा भाग वळायला जागा लागते. मागचा भाग नव्हता, पायरी मात्र होती. दुकानदारानं ती पुन्हा बांधून घेतली, पुन्हा फुटल्यावर नाद सोडला. काकू नेहमी मागच्या सीटवर बसत आणि त्यांनी "चला" म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. एकदा दोघं भाजी आणायला निघाले ते सवयीनं स्टँडात शिरले आणि काकांनी गाडी फलाटाला लावली. एक म्हातारी दार उघडून काकूंच्या शेजारी बसली. तिला नळदुर्गला जायचं होतं.

"मग?" मी काकूंना विचारलं.

"मग काय, सोडून आलो. भाजी तिथंच घेतली."

इथवर ठीक होतं. पण एका सकाळी काका हायवेवर उलट्या बाजूनं निघाले. त्यांच्या मते बाजू बरोबर होती. दुभाजक नंतर आला होता. समोरून ट्रक आला तेव्हा त्यांनी लाइट दाखवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. बससमोर ट्रक बाजूला होतातही. या ट्रकवाल्याला बस दिसली नाही. शेवटच्या क्षणी काकांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी पोलिसांच्या बॅरिकेडमध्ये घुसली. पोलीस शेजारीच उभे असल्यानं पंचनाम्याला वेळ लागला नाही. काकूंचा चष्मा फुटला, बाकी कुणाला काही झालं नाही. काकांवर धोकादायक ड्रायव्हिंगचा खटला झाला, दंड झाला आणि लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं.

त्याच सुमारास गाडीचा विमा संपत आला. मी एकेक करून सगळ्या कंपन्यांना विचारलं. शेवटी एक कंपनी फक्त थर्ड पार्टीला तयार झाली. काका बिल्ला लावून माझ्या ऑफिसात आले होते.

"म्हंजी कसं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काका, तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरून देईल. तुमच्या गाडीचं झालं तर देणार नाही."

काकांनी वर पंख्याकडं बघितलं. "म्हंजी अख्ख्या दुनियेचा विमा काढला त्यांनी. माझ्यापासनं."

त्यांनी सदऱ्यावरचा बिल्ला काढला आणि खिशात ठेवला.

लायसन परत मिळवायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उजळणी करायची होती. तिथं शिकवायला एक तिशीतल्या बाई होत्या. पहिल्याच वळणावर काका सवयीनं उजवीकडं गेले तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि काकांना खाली उतरवून मागं नेलं. डिकीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काका, हात तुमचा सोन्याचा आहे. पण गाडी इथं संपते. याच्या मागं काही नाही."

संध्याकाळी हे सगळं काकांनीच मला कट्ट्यावर बसून सांगितलं. मला हसू येत होतं, पण ते हसत नव्हते.

"खरं बोलली ती," ते म्हणाले. "मागं काहीच न्हाय. माणसं असली की ब्रेक सुदीक हळू लागतो बघ. कुणी झोपलेलं असतं, कुणाच्या मांडीवर लेकरू असतं. आता रिकामं लई वाटतं. कुणासाठी हळू मारायचा, तेच कळत न्हाय."

"काकू असतात की."

"ती हाय. पण ती जागीच असते. भेते."

लायसन मिळालं. अपघाताविना वर्ष गेलं आणि कंपनी, जास्तीचा हप्ता लावून का होईना, पूर्ण विमा द्यायला तयार झाली. कागद करताना काका म्हणाले, पॅसेंजरचाही अपघात विमा घाल, सगळ्या सीटांचा. मी म्हटलं, बसतात तर काकू एकट्या.

"सीटा तर हायत ना," काका म्हणाले.

गेल्या मंगळवारी आम्हा नवरा-बायकोला तुळजापूरला जायचं होतं. मी काकांना विचारलं. माझी बायको चकित झाली, पण बसली. काकू पहिल्यांदाच पुढं बसल्या. इतकी अलगद चाललेली गाडी मी आजवर अनुभवली नाही. खड्डा आला की आधी वेग मरायचा, मग खड्डा कळायचा. नळदुर्गच्या पुढं बायको झोपली. जरा वेळानं पाहिलं तर पुढं काकूंचीही मान कलली होती. काकांनी गाडी आणखी सावकाश घेतली. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.