खांड आणि धनेशचा कॅमेरा

आमच्या खाडीकाठच्या गावात धनेश म्हणजे मोठं प्रस्थ. बाकीची पोरं पेणला गणपती रंगवायला जात, तेव्हा हा रोह्याला जाऊन पत्रकार झाला. नदीत मासे मेले की याची बातमी आलीच. गावाला पाण्याचा टँकर सुरू झाला तोही याच्याच बातमीने, खोटं कशाला बोला? पुढे त्याला बातम्या पुरेनात. माहितीपट काढायला लागला, दाढी वाढवली आणि गावाला 'समुदाय' म्हणू लागला. अहो, सख्ख्या काकीला कुणी समुदाय म्हणतं का?

गेल्या पावसाळ्यात उधाणाने खारबांध फुटला. बांधाला अशी खांड पडली की आमची रीत ठरलेली. ओहोटी लागली की घरटी एक माणूस उतरतो, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बुजते. नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. खांडीला लागूनच धनेशच्या काकीचं, गोदूबाईचं शेत. म्हातारी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली.

तेवढ्यात धनेश कॅमेरा घेऊन हजर. "थांबा, थांबा! आत्ताच बुजवलीत तर सरकारला दिसणार काय? पाणी आत शिरताना एकदा घेऊ दे, मग पक्का बांध मिळतो की नाय बघा."

टँकर आणणारा माणूस तो. सगळं गाव अक्कल गहाण टाकून थांबलं. पण वरून चित्रण करायला धनेशसाहेबांनी मागवलेला ड्रोन वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. भरतीला कसलं आलंय ट्रॅफिक? ती वेळेवर आली. खांड दुप्पट झाली आणि गोदूबाईचा उभा भात पाण्याखाली गेला.

पक्का बांध अजून आलेला नाही. माहितीपटाला बक्षीस मात्र आलं. परवा पेणच्या हॉलमध्ये तो दाखवला. पडद्यावर आम्ही सगळे हातात चिखल घेऊन बांधावर उभे, आणि मागून धनेशचा गहिवरलेला आवाज, "समुद्रापुढे हा समुदाय हतबल आहे." टाळ्याच टाळ्या!

गोदूबाई उठली. "हतबल कोण रे मेल्या? गोळा हातात व्हता माझ्या. 'थांब काकी' असं तूच बोल्लास. माझा भात गेला, आणि वर आम्हालाच हतबल बोलतोस?"

मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. धनेशचे डोळे खरंच भरून आले. तो धावत तिच्यापाशी गेला आणि म्हणाला, "काकी, फार खरं बोललीस गो. हेच परत एकदा बोल ना, जरा माइक लावतो."