कुणीतरी अजून जेवतंय

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाडूला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, जेवायला वाढलं होतं. कंपू भागातल्या हॉस्पिटलमधून ह्यांचा फोन होता. दोन वाक्यं बोलले आणि पुढे त्यांना बोलवेना. मी म्हटलं, निघतेच. पण लाडूचे निम्मे घास अजून शिल्लक होते, आणि त्याला मध्येच सोडून उठलं तर तो उरलेलं सगळं एका दमात ओढतो आणि थोड्या वेळानं जिन्यात परत काढतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्याचं होईपर्यंत मी पाटावर बसून राहिले. मग हात धुतले, कुलूप लावलं, रिक्षा केली. समोरच्या काकूंनी हे दारातून पाहिलं आणि पुढे चार घरी सांगितलं की नणंद गेली तरी ही बाई कुत्र्याला भरवत बसली होती. सांगितलं ते खरंच आहे. मी अर्धवट उठले असते तर वन्संना मात्र आवडलं नसतं...

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावरही दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीतच राहिल्या. माझं सासरचं घराणं दख्खनेतून ग्वाल्हेरला आलं ते पूजा सांगायला. पूजा सांगणं केव्हाच संपलं, हे वीज खात्यात गेले, पण जेवायचे नियम टिकले. पाट मांडून खाली बसायचं, सगळ्यांनी एकदम सुरू करायचं आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. नियम वाईट नाही. फक्त आमच्याकडे शेवटचं माणूस कायम वन्संच असत. त्या भात पोळीसारखा चावत आणि ताक भातासारखं. माझं पाटणकर बाजारात शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. दुपारी घरी यायचं, जेवायचं, परत जायचं, त्यामुळे माझं जेवण म्हणजे एक काम उरकणं. ते उरकलं की मी हात वाळवत बसायची. बोटांवरच्या वरणाचा पापुद्रा व्हायचा. जरा हलले, तर वन्सं मान वर न करता म्हणायच्या, "मंजिरी, कुणीतरी अजून जेवतंय." जणू ते कुणीतरी म्हणजे शेजारच्या गल्लीतलं माणूस. आमची ऋचा लहानपणापासून सांगायची, "आई, आत्या जानबूझकर हळू खाते. ही तिची साजिश आहे." मी तिला गप्प करायची, पण मनातून मला तेच वाटायचं.

लाडू हा ऋचाचा कुत्रा. अर्धा लॅब्रेडॉर, अर्धा आमच्याच गल्लीतला. तिनं कॉलेजात असताना आणला, नाव ठेवलं लड्डू, आणि नोकरीला पुण्याला गेली तेव्हा आमच्या गळ्यात टाकून गेली. मराठी घरात लड्डू कसला, म्हणून वन्संनी त्याचं लाडू केलं. तो दोन्ही नावांना ओ देत नसे, फक्त ताटाच्या आवाजाला देई. आणि त्याचं खाणं म्हणजे... ताट जमिनीला टेकायच्या आत रिकामं. चव नाही, चावणं नाही. खाऊन झाल्यावर आपण जेवलो की नाही अशी शंका आल्यासारखा ताटाकडे बघत राही आणि मग सगळं ओकून टाकी. एकदा पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आम्ही दोघांनी उचलून रिक्षात घातला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. वाचला, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मैडम, इसे धीरे खिलाइए. बड़ा कुत्ता है. किसी दिन पेट में बल पड़ गया, तो मैं भी कुछ नहीं कर पाऊँगा." त्यांना भीती होती पोटाला पीळ पडायची.

मी घरी येऊन सरळ सांगितलं की मला दुकान आहे, ह्यांना गुडघे आहेत, कुत्रा दतियाजवळ माझ्या भावाच्या शेतावर जाईल. ऋचा फोनवर रडली. "आई, असं मत कर ना. दिवाळीला येतेय मी, तब तक ठेव." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत तो राहिला पाहिजे ना. तेव्हा वन्संनी तोंड उघडलं. ह्याच बाई कुत्रा खोलीत आला की निऱ्या सावरून पलंगावर पाय घेत.

"शेतावर कोण बघणार तो कसा जेवतो ते?"

"इथं तरी कोण बघतंय, वन्सं?"

"मी बघते," त्या म्हणाल्या आणि ताक चावू लागल्या.

बाईंनी पहिला प्रयोग केला वरवंट्याचा. डॉक्टर म्हणाले होते की भांड्यात मोठा दगड ठेवा, म्हणजे त्याच्या कडेनं खाताना वेळ लागतो. घरात मोठा, स्वच्छ, गुळगुळीत दगड एकच होता. मला हे कळलं ते चटणी वाटायला बसल्यावर, कारण वरवंटा आधीच चाटूनपुसून लख्ख होता. मी विचारलं, तर वन्सं म्हणाल्या की धुतलाय, आणि दगडाला विटाळ नसतो. आयुष्यभर सोवळ्याओवळ्यावरून माझ्याशी हुज्जत घातलेल्या बाईंनी हे सांगावं! मी त्या दिवसापासून मिक्सर वापरते. लाडूनं तर दुसऱ्याच दिवशी वरवंटा पंज्यानं बाहेर ढकलला आणि नेहमीच्या वेगानं ताट संपवलं. मग इडलीपात्र आलं. प्रत्येक खळग्यात थोडाथोडा दहीभात, म्हणजे जीभ घालून घालून दमेल. तो दमला नाही. त्यानं अख्खा सांगाडा तोंडात धरला आणि घरभर, मग जिन्यात, मग खाली गल्लीत नेला. वन्सं मागून कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. खालचा किराणावाला आजही मला विचारतो, "भाभीजी, इडली कैसी चल रही है?"

तोडगा निघाला तो जेवताना. आमच्याकडे जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला भाताची चिमटी चिमटी शितं ठेवतात, त्याला चित्राहुती म्हणतात. हे पुरुषांचं काम. सासरे करत. त्यांच्यामागे ह्यांनी सोडून दिलं, तेव्हा वन्संनी ते कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. बायकांना ते नसतं, असं एकदा एक भटजी म्हणाले, तर ह्या म्हणाल्या, "अरविंद करत असेल तर मी थांबवते." अरविंद म्हणजे हे. हे आमटीत बघत राहिले. तर एके दुपारी लाडू वन्संच्या पाटाशेजारी येऊन बसला आणि त्यानं चित्राहुतीची एक चिमटी चाटली. थांबला. वन्संकडे बघितलं. दुसरी चाटली. आम्ही सगळे बघत राहिलो, कारण हा प्राणी दोन घासांच्या मध्ये थांबतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लाडूचं सगळं जेवण चित्राहुतीसारखं मांडलं जाऊ लागलं. एका जुन्या परातीत, कडेकडेनं, लिंबाएवढे घास. भोवती पाणी फिरवायचं, मगच सुरुवात. वन्संनी स्वतःचा एक घास घ्यायचा, मग बोटानं लाडूचा एक पुढे सरकवायचा. त्यांचा चावून होईपर्यंत दुसरा मिळायचा नाही. पहिले काही दिवस त्यानं ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. मग त्याला कळलं की ह्या बाईपुढे इलाज नाही. मला ते लग्नानंतर लवकरच कळलं होतं. लाडूचं ओकणं थांबलं, पोट फुगेना, भावाला मी शेताचं राहू दे म्हणून कळवलं. फक्त आता आमच्या पंगतीत शेवटची माणसं दोन झाली. मी हात वाळवत बसलेली, हे भिंतीला टेकून डुलक्या घेतायत आणि समोर वन्सं आणि कुत्रा एकमेकांकडे बघत सावकाश चावतायत, अशी आमची दुपार असायची. एकदा मी चिडून म्हटलं, तो आता शिकलाय, त्याला एकट्याला बाल्कनीत वाढू या. वन्सं म्हणाल्या, "एकटा असला की घाई होते गं. समोर कुणी नसलं तर कशासाठी थांबायचं?" मी ते कुत्र्याबद्दलच आहे असं समजले आणि दुकानात गेले.

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळची. त्यांना हृदयाचा त्रास होऊन तीन-चार दिवस झाले होते. त्या पलंगावर बसून दलिया खात होत्या आणि नर्स रिकाम्या वाटीसाठी कमरेवर हात ठेवून उभी होती. "अम्माजी, हो गया?" वन्सं म्हणाल्या, "बेटा, अभी तो शुरू किया है." नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी तिला स्टूल दिलं. मला वाटतं, त्या वॉर्डात बऱ्याच दिवसांनी कुणी नर्स बसली असेल. निघताना वन्संनी विचारलं, लाडूला कोण वाढतं. मी म्हटलं, मीच. "बसून का उभ्यानं?" मी खरं तर उभ्यानंच वाढत होते. म्हटलं, बसून. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षं मुलींच्या सबबी ऐकलेली बाई... त्यांनी पुन्हा दलियाचा चमचा उचलला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाट घेतला, आणि तेव्हाच तो फोन आला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांचं घड्याळाकडे लक्ष होतं. ह्यांनी बहिणीला बरीच आश्वासनं देऊन पाहिली, चित्राहुतीसुद्धा कबूल केली. कावळा भिंतीवर बसून बघत होता. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण ऊन चढत होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "वन्सं, लाडूला मी बसून वाढीन. त्याचं होईपर्यंत उठणार नाही." कावळा जागचा हलला नाही. शेवटी आम्ही चहाला वळलो, तेव्हा तो उतरला आणि एकेक शीत टिपत बसला. भटजी म्हणाले, इतका सावकाश कावळा पाहिला नाही. ऋचा हसता हसता रडायला लागली.

आता कुणाचं आश्वासन फळलं याचा खल मी करत नाही. शब्द दिला तो दिला. ह्यांची चित्राहुती आठवडाभर टिकली, पुढे ती माझ्याकडे आली. दुपारी मी वन्संचा पाट मांडते, भोवती पाणी फिरवते, शितं ठेवते. लाडू परातीपुढे बसून माझ्याकडे बघतो. मी घास घेतला की त्याला एक मिळतो. माझा वेग त्याला पसंत नाही. मी भराभर सरकवायला लागले की तो खातच नाही, घास तसाच ठेवून माझ्या तोंडाकडे बघतो. चावून झालं का, ते तपासतो. मग मी चावते. माझं जेवण कधीच झालेलं असतं, तरी ताटात एक पोळी त्याच्यासाठी ठेवावी लागते, म्हणजे त्याला सोबत. त्या वेळात मला करायला काहीच नसतं. रस्त्यावरचे आवाज ऐकू येतात, हे काहीतरी जुनं सांगतात, परवा तर ऋचा फोनवरून पूर्ण जेवणभर बोलली. इतकी वर्षं आम्ही चौघं त्या खोलीत एवढा वेळ एकत्र बसत होतो, ते कुणामुळे, हे मी बोटांवरचं वरण खरवडताना कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

काल दुकानातून फोन आला. शाळेची मोठी ऑर्डर होती, गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, लगेच या म्हणत होते. हे म्हणाले, तू जा, मी बघतो त्याचं. मी अर्धवट उठलेसुद्धा. परातीत चार-पाच घास होते आणि लाडूनं खाणं थांबवून मान वर केली होती. मी परत पाटावर बसले. फोनवर म्हटलं, त्यांना चहा द्या, पंखा लावा, मला वेळ लागेल. कुणीतरी अजून जेवतंय.