डाव्या बाजूची लेक

माझ्या व्याह्यांना भेटून ज्याला धक्का बसला नाही असा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही. असलाच तर तो त्यांना अजून भेटलेला नसणार. मी मुलीचा बाप. म्हणजे मला धक्का बसायची परवानगी आहे, तो दाखवायची नाही. लग्नात त्यांनी आमच्या जिलबीकडे नुसतं पाहून "पाक कालचा दिसतोय" असं म्हटलं आणि आमच्याकडची सगळी मंडळी हात जोडून उभी राहिली, तेव्हापासून मी त्यांच्यासमोर 'बरोबर आहे' एवढंच म्हणत आलो आहे. लिहिताना मात्र मला कोणी अडवत नाही.

व्याही राहतात देवळाली कॅम्पात, त्यांच्या आजोबांनी कुणा गोऱ्या साहेबाकडून विकत घेतलेल्या दगडी बंगल्यात. लांबरुंद व्हरांडा, उतरती कौलं, आणि छत इतकं उंच की पंखा लावायला नळीला नळी जोडावी लागली. तो साहेब कोण होता याबद्दल एकमत नाही, कारण व्याह्यांचं स्वतःशीच एकमत नाही. समोरचा माणूस फौजेतला असला की साहेब कर्नल असतो, डॉक्टर असला की सर्जन. एकदा दादरचे एक शाळामास्तर आले होते, तेव्हा तर साहेबाने याच व्हरांड्यात गावातल्या पोरांना फुकट गणित शिकवल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. मास्तरांचे डोळे भरून आले. मी सर्द होऊन व्याह्यांकडे पाहत राहिलो, तर त्यांचेही भरून आले होते.

त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी पुण्याला नोकरीत, घरात हे दोघंच नवराबायको. म्हणून नव्वदीच्या दशकात व्याह्यांनी बंगल्याची डावी बाजू, स्वतंत्र दाराची, हवापालटाला येणाऱ्या मुंबईकरांना द्यायला काढली. पेपरात जाहिरात दिली आणि तिच्यात फोन नंबर दिला माझा. मला न विचारता. का, तर म्हणाले, "आमच्याकडे फोन वाजला की मला राग येतो." बरोबर आहे, म्हणालो मी. तेव्हापासून चौकशा माझ्याकडे आणि अर्थातच तक्रारीही माझ्याकडे.

आणि काय एकेक तक्रारी! डाव्या बाजूच्या न्हाणीघरात साहेबाच्या वेळचा ओतीव लोखंडाचा पांढरा टब आहे. त्या टबाचं वर्णन जाहिरातीत होतं. अंधेरीचं एक नवं जोडपं मोठ्या हौसेने आलं, बाईंनी न्हाणीघराचं दार उघडलं, तर टब काठोकाठ कांद्यांनी भरलेला! किंकाळी ऐकून व्याही धावत गेले आणि उलट त्यांनाच म्हणाले, "अहो, कांद्याला गार जागा लागते. तुम्हाला बादली दिलीय ना?" सकाळी सहाला ते आपल्याकडच्या किल्लीने पाहुण्यांचं दार उघडून थेट आत जात आणि पूर्वेची खिडकी सताड उघडत. पाहुणे अंथरुणात. कोणी चादर ओढून घेत कळवळलं की म्हणत, "तुमचं चालू द्या, मी घराला वारा द्यायला आलोय." कोणी बाहेर जेवायला निघालं तर फाटकात उभे राहून विचारत, "का हो, आमच्या घरात कोणी वारलंय का, हॉटेलात जेवायला चाललात ते?" मग ती मंडळी मुकाट्याने मागे फिरत आणि विहीणबाईंच्या हातची बाजरीची भाकरी नि वांग्याचं भरीत खाऊन जात. विहीणबाई फार बोलत नाहीत. ताट वाढतात आणि नवऱ्याकडे एकदा बघतात, त्यातच सगळं येतं. एका सुरतच्या कुटुंबाला तर निघायच्या वेळी मांजर आडवं गेलं म्हणून व्याह्यांनी परत आत बसवलं आणि चहा पाजला. त्यांची गाडी चुकली, आणि मी फोनवर सुरतेच्या शिव्या गुजरातीत ऐकल्या. भाषा येत नाही, पण अर्थ लागला.

गंमत म्हणजे तीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा फोन करत. हा धक्का मला आजतागायत पचलेला नाही.

एका हिवाळ्यात मुंबईचा एक तरुण बायकोला घेऊन आठवडाभरासाठी आला. बायकोचं नाव वैशाली, आणि बाई चांगली अवघडलेली. दिवस भरायला अजून महिना आहे, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय, असं तो म्हणाला. त्या अवस्थेत इतक्या लांब कशाला आली असेल, हे कोडं मला तेव्हा पडलं होतं, पण पाहुण्याला कारण विचारायचं काम व्याह्यांचं. त्यांनी ते विचारलंच असणार. तिने सांगितलं नाही. पोरगी दिवसभर व्हरांड्यात बसून फाटकाकडे बघत असे, एवढं विहीणबाईंनी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. नवरा रिक्षा शोधायला पळाला, व्याही डॉक्टरीणबाईंना आणायला पळाले, आणि दोघंही परत येईपर्यंत विहीणबाईंच्या हातात बाळ होतं. मुलगी. डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं, सगळं ठीक म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सहज गेलो, सवयीने चपला काढून देवघराकडे वळलो, तर व्याही ओरडले, "देवाला हात लावू नका! सोयर आहे!"

मला वाटलं पुण्याहून काही बातमी आली. माझी मुलगी! पण तिला तर दिवस गेलेले नव्हते. माझी बोबडी वळलेली पाहून त्यांनी डाव्या बाजूकडे बोट केलं आणि सगळी हकीगत सांगितली. मी म्हणालो, "अहो, पण सोयर भाऊबंदांना असतं. ते तर भाड्याने आलेले पाहुणे." आयुष्यात पहिल्यांदा मी व्याह्यांना विरोध केला होता.

"व्याहीबुवा," ते शांतपणे म्हणाले, "बाईचं पहिलं बाळंतपण कुठे होतं?"

"माहेरी."

"हिचं कुठे झालं?"

"तुमच्या घरी."

"मग हे तिचं काय झालं?"

एसटीत बाळंत झालेल्या बाईचं माहेर मग डेपो का, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण व्याही पडले. मी एवढंच म्हणालो, की लेकीच्या बाळंतपणाचं सोयर आईबापांना तीनच दिवस. तर म्हणाले, "मी दहा धरणार. आमच्या घरात चार पिढ्यांत लेक जन्मली नाही. पहिल्यांदाच आलंय, तर पुरतं धरू दे." आणि पुढच्या आठवड्याची बोरिवलीची मंडळी रद्द करायला मला सांगितलं. "काय कारण सांगू?" "सांगा, घरात बाळंतीण आहे. माणसं असतील तर समजतील."

पुढचे दिवस मी जे पाहिलं ते सांगितलं तर माझ्या मुलीचाही विश्वास बसत नाही. ज्या माणसापुढे आमचं अख्खं घराणं वाकलं होतं, तो माणूस त्या पंचविशीच्या पोरापुढे टॉवेल घेऊन उभा! "जावईबापू, पाणी तापलंय." जावईबापूंच्या अंघोळीसाठी टबातले कांदे निघाले. मी तो रिकामा टब जाऊन पाहून आलो. एके दिवशी व्याह्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुलीच्या बापाने नेमकं काय काय करायचं असतं हो? तुम्हाला सवय आहे." खरं सांगतो, मला इतका आनंद लग्नानंतर पहिल्यांदाच झाला. म्हटलं, पहिली गोष्ट, मुकाट्याने ऐकून घ्यायचं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

पाचवीला विहीणबाईंनी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली, बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधला, आणि वैशाली एकदम हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा सगळं बाहेर आलं. तिचं माहेर चांदवडजवळच्या एका गावात, घर कांदा पिकवणाऱ्यांचं. तिने दुसऱ्या जातीतला मुलगा केला म्हणून बापाने दार बंद केलेलं. मुंबईहून तिने आईला निरोप धाडला होता की मी देवळालीला येऊन राहते, तू बाजाराच्या निमित्ताने तरी येऊन जा. त्या वाटेकडे ती डोळे लावून बसत होती. आई आली नव्हती. विहीणबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे एकदा बघितलं.

सोयर फिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही माझ्या दारात हजर. "कपडे करा. चांदवडला जायचंय." नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली. वाटेत मी दहा वेळा विचारलं की तिथे काय बोलणार, तर म्हणाले, "जे आहे ते."

वैशालीचे वडील खळ्यात उभे होते, लाल कांद्याचा ट्रॅक्टर भरणं चाललं होतं. चांगला उंचापुरा गडी. व्याह्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "तुमच्या वैशालीला मुलगी झाली."

गडी तोंड फिरवून म्हणाला, "आमाला लेक नाय."

आता विनवण्या सुरू होणार म्हणून मी हात जोडायच्या तयारीत. तर व्याही म्हणाले, "वा, मग प्रश्नच मिटला. तेवढंच विचारायला आलो होतो. पहिलं बाळंतपण माझ्या घरी झालंय. तेव्हा आता तिची दिवाळी माझ्याकडे, संक्रांत माझ्याकडे, पुढची बाळंतपणंही माझ्याकडे. मागाहून हक्क सांगायला येऊ नका. पेढा घ्या."

भरणारी माणसं पाट्या खाली ठेवून बघायला लागली. त्या बापाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "तुमच्या घरी? तुमी कोन? माझ्या लेकीचं पैलं बाळतपन परक्याच्या घरी का म्हून?"

"तुम्हाला तर लेक नाही ना?"

"ओ, तोंड सांभाळून बोला! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तिनं, आन आता हे! लोक काय म्हनतील, ह्याच्या घरात पोरीला निजायला खाट नव्हती?" लेकीने पळून जाऊन लग्न केलं ते त्याने दोन वर्षं गिळलं होतं, पण पहिलं बाळंतपण दुसऱ्याच्या उंबऱ्यात झालं हे त्याला गिळता येईना.

तेवढ्यात घराच्या दारातून पदराने हात पुसत एक बाई पुढे आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट आम्हाला विचारलं, "कोनावर गेलीय?"

"नाक तुमचं आहे," व्याही म्हणाले.

बाई आत गेली आणि डबे काढल्याचे, ट्रंक ओढल्याचे आवाज यायला लागले. बाप बराच वेळ कांद्यांकडे बघत उभा राहिला. शेवटी त्याने पुड्यातला पेढा उचलला, खाल्ला नाही, हातातच धरला. "बारसं माझ्या दारात व्हईल," तो म्हणाला. "लय मोठं करीन. तुमी या."

परतीच्या एसटीत मला आनंद आवरेना. म्हटलं, "मानलं तुम्हाला! काय डाव टाकलात! मुद्दाम डिवचलंत ना त्यांना?"

व्याही खिडकीबाहेर बघत होते. "डाव कसला?" ते म्हणाले. "मी खरंच सांगायला गेलो होतो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा, आणि या वेळी 'बरोबर आहे' म्हणणंही मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. आई उतरली आणि मायलेकी व्हरांड्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाप फाटकाबाहेरच उभा होता. व्याह्यांनी जाऊन त्याला हाताला धरून आत आणलं. विहीणबाईंनी वैशालीची ओटी भरली, बाळाला तीट लावली, आणि जावईबापूंनी सामान जीपमध्ये चढवलं. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी व्याही हात वर करून उभे होते. मग ते आत गेले आणि त्यांनी स्वतः डाव्या बाजूचा केर काढला. ते मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

पुढच्या दिवाळीला मला पाच-सहा फोन आले. व्याह्यांनी कोणालाच हो म्हणू दिलं नाही. म्हणाले, "पहिली दिवाळी आहे. लेक येईल." गाद्या उन्हात टाकल्या, टब घासला, विहीणबाईंनी चकल्या जरा जास्तच केल्या. पाडव्याला मी फराळाला गेलो होतो तेव्हा फोन वाजला, आणि राग न येता तो त्यांनी स्वतः उचलला. वैशाली चांदवडहून बोलत होती. मागे बाळाचा आवाज, माणसांचा गलका. व्याही मोठमोठ्याने हसत ओरडत होते, "छान! छान! अगं, तिकडेच राहा, आईवडलांना बरं वाटेल! आम्ही काय, इथेच आहोत!" फोन ठेवला आणि चकली मोडत बसले. खाल्ली नाही.

"व्याहीबुवा," शेवटी ते म्हणाले, "डावी बाजू द्या आता कोणाला हवी असली तर."

"देतो."

"फोनवर एक विचारून घेत चला फक्त."

"काय?"

"बाई अवघडलेली आहे का म्हणून."

तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो. मुंबईची माणसं आधी गप्प होतात, मग चिडतात, काही जण फोनच ठेवून देतात. मी त्यांना कारण सांगत नाही. पुढचा फोन आला की पुन्हा विचारतो.