सगळी लोकर लागली

लोकरमावशींकडे स्वेटर विणायला दिला की उरलेला हातभर धागासुद्धा पुडीत बांधून परत यायचा. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांची ही ख्याती होती आणि मावशींना तिचा अभिमानही होता. दुसऱ्या कुणा विणणाऱ्या बाईचं नाव निघालं की त्या तोंडानं काही बोलायच्या नाहीत, नुसतं नाक मुरडायच्या. तळमजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी एक खुर्ची आणि खुर्चीखाली गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या पिशव्या. नवरा गेल्यावर चौदा वर्षं त्यांनी याच खुर्चीत बसून पोट भरलं, पण कुणाच्या मिंध्या झाल्या नाहीत.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी पोस्टातल्या बाई लोकर घेऊन आल्या. वडिलांसाठी स्वेटर हवा होता. वडील घड्याळं दुरुस्त करायचे; आता हात कापतो म्हणून घरीच असत. लोकर राखाडी-निळी, बारीक, तळहातावर घेतली तर वजन लागू नये अशी.

"दुकानातली शेवटची होती हो," बाई म्हणाल्या. "हा रंग आता येत नाही म्हणे."

मावशींनी महिन्याभरात स्वेटर दिला. बाई घाईत होत्या. स्वेटर उलगडून बघितला, खूश झाल्या आणि गेल्या. उरलेला गोळा पिशवीच्या तळाशी राहून गेला. तेव्हा तो खरोखरच राहून गेला होता, मावशींच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. उद्या देऊ, परवा देऊ असं करता करता दोन आठवडे गेले. एका दुपारी गोळा हातात घेऊन कुरवाळत बसल्या असताना मनात आलं, त्यांनी तरी कुठे मागितला?

मावशींचा धाकटा भाऊ सलून चालवायचा. लोकांचे केस कापता कापता त्याचं स्वतःचं डोकं साफ झालं होतं. "गिऱ्हाईक आधी माझ्या टकलाकडे बघतं आणि मग भीत भीत खुर्चीत बसतं," असं तो सांगायचा. सकाळी दुकान उघडताना डोकं गारठायचं, जाड टोपी घातली की खाज सुटायची. मावशींनी क्रोशाची सुई काढली. गोळा लहान, म्हणून जाळीचीच टोपी करायची ठरवली. सहा साखळ्यांचं कडं, त्यात बारा खांब, पुढे दर फेरीला थोडे थोडे वाढवत नेले आणि काठाला मुक्या, म्हणजे आखूड खांबांच्या दोन ओळी. दोन दुपारींत टोपी तयार.

"ताई, डोक्यावर काही आहे हेच कळत नाही गं!" भाऊ आरशासमोर मान फिरवून फिरवून म्हणाला. त्या दिवसापासून टोपी त्याच्या डोक्यावरून उतरेना. येईल त्याला सांगायचा, बहिणीनं विणली.

पुढच्याच महिन्यात पोस्टातल्या बाई स्वेटर घेऊन दारात. कडीत अडकून बाही मनगटाशी टराटरा उसवली होती.

"मावशी, थोडी लोकर उरली असेल ना?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "सगळी लागली."

कसं बोलून गेल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जीभ सावरायला अजून वेळ होता, पण बाईच पुढे म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे नसणारच. तुमच्याकडे राहिली असती तर तुम्ही घरी आणून दिली असती. उगीच विचारलं, राग नका मानू."

बाई माफी मागून गेल्या. मावशींना आठवडाभर घास गोड लागेना. जाऊन सांगावं असं रोज सकाळी ठरवायच्या आणि रोज ते कालच्यापेक्षा अवघड होऊन बसायचं.

रविवारी भाऊ आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुझं गिऱ्हाईक आलं होतं दाढीला, ते घड्याळवाले आजोबा. टोपी बघायला मागितली. डोळ्यांजवळ नेली, उलटी करून बघितली. म्हणाले, बहिणीचा हात चांगला आहे. बाकी काही नाही. पण त्यांच्या बाहीला ती तपकिरी पट्टी कसली लावलीय? तू का नाही नीट करून दिलीस?"

मावशींनी कप खाली ठेवला. "टोपी काढ," एवढंच म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं.

भाऊ आधी हसला. "मूठभर लोकर ती, तिचं काय एवढं?" मग बहिणीचा चेहरा त्याला दिसला. टोपी काढून हळूच टेबलावर ठेवली. "आधी बोलली असतीस तर मी घातली नसती, ताई. गावभर मिरवली मी."

हे मात्र मावशींच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपली चोरी त्यांनी भावाच्या डोक्यावर ठेवून दिली होती.

भाऊ गेल्यावर त्यांनी टोक शोधून टोपी उसवली. लोकर कुरळी झाली होती. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड केली, कोमट पाण्यात बुडवली, ताण बसावा म्हणून खाली कुलूप अडकवून वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घेऊन बाईंचे तीन जिने चढल्या. वाक्यं पाठ केली होती, पण दार उघडलं आणि एकही आठवेना.

"लोकर उरली होती," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. तिची टोपी केली होती."

बाईंनी दार अर्धवटच धरून ठेवलं. "बाबा म्हणाले होते मला. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मावशी तसल्या नाहीत."

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मावशींना झालं. पायाखालची फरशी सोडून त्यांना कुठे बघवेना.

"अगं, त्यांना आत तर घे," आतून म्हातारा आवाज आला. आजोबा स्वेटर घेऊनच बाहेर आले. "ही पट्टी काढाच बघा. हात मोडून प्लास्टर घातल्यासारखं वाटतं."

"घरी न्या, सावकाश करा," बाई कोरडेपणानं म्हणाल्या.

"नको, इथेच करते. तुमच्यासमोर."

दिव्याखाली बसून मावशींनी पट्टी काढली, टाके उचलले आणि मनगट नव्यानं विणलं. दीड तास लागला. आजोबा समोर बसून सुया बघत होते. बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला आणि त्या आत गेल्या, त्या काम संपल्यावरच आल्या. बाही हातात घेऊन म्हणाल्या, "नीट झालंय." तेवढंच. त्यानंतर त्या घरातून मावशींकडे विणायला काही आलं नाही.

वर्षभरानं एक पार्सल पाठवायला मावशी पोस्टात गेल्या. दोन खिडक्या उघड्या होत्या. दुसरीपुढची रांग लहान होती, तरी त्या बाईंच्या रांगेत उभ्या राहिल्या. बाईंनी पार्सलचं वजन केलं, शिक्का मारला, पावती सरकवली.

"बाबा रोज घालतात," खाली बघूनच त्या म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली. पावती उचलली, पण मान वर करणं काही त्यांना जमलं नाही.